दर महिन्याला थकव्याचा पुरावा मागणाऱ्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापन आणि मनुष्यबळ विभाग

महोदय, महोदया,

तुमचं परिपत्रक मिळालं. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी सकाळी ठीक नऊला जागेवर हजर राहायचं, घरून काम करण्याची सवलत बंद, कामाची वेळ मागेपुढे करण्याची मुभा बंद आणि महिन्यातले दोन शनिवार कामाचे. प्रकृतीच्या कारणाने कोणाला सूट हवी असेल तर त्याने दर महिन्याला डॉक्टरांचा नवा दाखला जोडून अर्ज करायचा, आणि त्या दाखल्यात "सध्या त्रास सुरू असल्याचा पुरावा" असला पाहिजे.

मी लेखा विभागात काम करते. मला आमवात आहे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. ही गोष्ट तुमच्यापासून कधी लपवलेली नाही, माझ्या फाइलमध्ये तिचे कागद आहेत. परिपत्रक निघाल्यावर मी अर्ज केला, मेल लिहिला, वेळ मागून भेटलेही. "नियम सगळ्यांना सारखेच" यापलीकडे उत्तर मिळालं नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. असं परिपत्रक फक्त आपल्याच ऑफिसात निघालेलं नाही, आणि जिथे जिथे ते निघालं तिथे माझ्यासारखं कोणीतरी ते वाचून गप्प बसलं असेल. हे पत्र त्यांच्याही वतीने आहे.

दुखण्याबद्दल मी फार लिहिणार नाही. बोटं सुजलेली दिसतात, चालताना पाय लंगडतो, त्यामुळे दुखणं समोरच्याला निदान कळतं तरी. थकवा दिसत नाही. आणि तुमच्या परिपत्रकाचा सगळा भार येऊन पडतो तो नेमका थकव्यावरच.

आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आत जे पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम, त्याला सूज येते. ती वेळेत आटोक्यात आली नाही तर कूर्चा आणि हाड झिजत जातं. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ही सूज सांध्यापुरती थांबत नाही. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखे जे घटक या लढाईत तयार होतात ते रक्तातून सगळीकडे फिरतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. फ्लूचा ताप भरल्यावर अंग मोडून येतं, डोकं चालत नाही, अंथरुणातून उठवत नाही. ज्या यंत्रणेमुळे ते होतं, तिचाच हात आमच्या थकव्यातही असतो. फ्लू आठ-दहा दिवसांत जातो. आमचं हे वर्षानुवर्षं चालतं.

त्यात आणखी भर पडते. दीर्घ आजारात हिमोग्लोबिन उतरतं. कूस बदलताना खांदा किंवा मनगट दुखून झोप मोडते. स्टेरॉइड सुरू असेल तर झोप लागतच नाही. हालचाल कमी झाल्यामुळे स्नायूंची ताकद गेलेली असते आणि मनही खचलेलं असतं. यातलं काय काय कोणत्या दिवशी एकत्र येईल हे आदल्या रात्री मलाच ठाऊक नसतं. बरं, रक्तातली सूज औषधांनी खाली आली म्हणजे थकवाही गेला असं होत नाही. सूज पेटवणाऱ्या ठरावीक घटकांनाच अडवणाऱ्या नव्या जैविक औषधांनी थकवा कमी होतो, पण बहुतेकांचा तो थोडाफारच कमी होतो. सांधे बरे असताना अंगात त्राण नाही असे दिवस येतात, आणि ते समजावून सांगणं सगळ्यात अवघड जातं. "लवकर झोपत जा" असं मायेने सांगणाऱ्यांचा मला राग नाही. पण रात्रभर झोपूनही शिणलेलंच उठायचं, हेच या थकव्याचं लक्षण आहे.

हा म्हातारपणाचा आजार आहे असं तुमच्यापैकी एकांनी भेटीत म्हटलं होतं, म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता. त्यांच्यात साधारण ७० टक्के स्त्रिया होत्या. ५५ टक्के जण पंचावन्न वर्षांच्या पुढचे होते, म्हणजे उरलेले जवळपास निम्मे लोक बहुतांशी नोकरीधंद्याच्या ऐन वयातले. अनेकांना हा आजार तिशी ते साठीच्या दरम्यान गाठतो. तुमच्या हजेरीपटावर ज्या वयाची नावं आहेत, त्याच वयात.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार नऊच्या ठोक्याची. आमवातात सांधे सगळ्यात जास्त आखडलेले असतात ते सकाळी. जाग येते तेव्हा बोटं मुठीत वळत नाहीत. गजर बंद करायला मी तळहाताची कड वापरते. ब्रश दोन्ही हातांनी धरावा लागतो. गरम पाण्याखाली हात धरून उभं राहिलं की हळूहळू एकेक बोट सुटतं. मग कपडे, केस, पायांतल्या चपला. आजार जोरात असेल तर हा ताठरपणा तासाहून जास्त टिकतो, वाईट दिवसांत दुपार होते. निरोगी माणूस ज्या गोष्टी नकळत उरकतो त्यात माझी दिवसभराची बरीच ताकद खर्च होऊन जाते. त्यातून ऑफिसच्या दारात पोचलं की हजेरीचं यंत्र असतं. सुजलेला अंगठा काचेवर सपाट टेकत नाही, यंत्र पुन्हा पुन्हा नाकारतं आणि मागे रांग वाढत जाते. त्या यंत्रावर उशिराची जी खूण पडते ती आळसाची नाही. पण पगाराच्या कागदावर ती तशीच वाचली जाते.

आतापर्यंत मी साडेदहाला येऊन संध्याकाळी उशिरा जात होते. तास तेवढेच भरत होते. उलट, मागून थांबल्यामुळे शांततेत काम जास्त होत असे. त्या काळात माझं महिनाअखेरचं काम रखडलं नाही, आणि हे तुमच्याच मूल्यमापनाच्या कागदांवर लिहिलेलं आहे. घरून काम करायच्या दिवशी येण्याजाण्याचा शीण वाचायचा, तो कामाला यायचा. कोणत्या कारणाने ही व्यवस्था मोडली हे परिपत्रकात कुठेही दिलेलं नाही. कामात काही कमी पडलं असेल तर दाखवा, मी ऐकून घ्यायला तयार आहे.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे, दर महिन्याच्या पुराव्याची. आमवात हा कायमचा आजार आहे. औषधांनी तो शांत ठेवता येतो, काहींच्या बाबतीत लक्षणं जवळजवळ नाहीशी होतात, पण तो मुळापासून जात नाही. मागच्या महिन्यात होता आणि या महिन्यात नाही असं होत नाही. मग दर महिन्याला कशाचा दाखला आणायचा?

आणि थकव्याचा पुरावा आणायचा तो कुठून? डॉक्टर तपासताना २८ सांधे दाबून बघतात. किती सुजले, किती दुखतात ते मोजतात. रक्तात ईएसआर किंवा सीआरपी, म्हणजे शरीरात सूज किती आहे ते दाखवणारे आकडे, बघतात. तुम्हाला एकंदर कसं वाटतंय याला एक आकडा द्यायला सांगतात. यातून डीएएस-२८ नावाचा गुण निघतो आणि त्यावरून आजार किती जोरात आहे ते ठरतं. या हिशेबात थकव्याचा स्वतंत्र रकाना नाही. माझे रिपोर्ट चांगले येऊ शकतात आणि त्याच दिवशी मला ऑफिसचा जिना चढणं अशक्य होऊ शकतं. तुम्ही मागता तसा पुरावा घेऊन आले तर तो कागद माझ्याच विरोधात जाईल. रिपोर्ट नॉर्मल, सूट नामंजूर.

वैद्यकीय जगालाही ही गोष्ट उशिरा कळली, म्हणून तुमच्या एकट्याच्या अज्ञानाला मी दोष देत नाही. आल्फ्रेड गॅरड या इंग्लिश डॉक्टरांनी १८५९ साली या आजाराला आजचं नाव दिलं. त्यानंतर संशोधनात सांधे मोजले गेले, एक्स-रे मोजले गेले, रक्त मोजलं गेलं. सांध्यांच्या आजारांत नेमकं काय मोजायचं हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. २००२ साली त्यांच्या परिषदेत पहिल्यांदा रुग्णांना सहभागी करून घेतलं गेलं. रुग्णांनी तिथे सांगितलं की तुमच्या यादीत आमचा थकवाच नाही. मग २००६ च्या परिषदेत ठरलं की आमवातावरच्या संशोधनात इतर मोजमापांबरोबर थकवाही मोजला जावा. नाव मिळाल्यापासून हे ठरेपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षं गेली. आणि हे घडलं ते ज्यांना आजार आहे ती माणसं त्या खोलीत बसली तेव्हा. तुमचं परिपत्रक ज्या खोलीत तयार झालं तिथे आमच्यापैकी कोणी नव्हतं. ते वाचलं की लगेच कळतं.

आता थकवा मोजायच्या प्रश्नावल्या आहेत. ब्रिस्टलमध्ये खास आमवातासाठी तयार केलेली एक आहे. तिच्यात अंगाचा थकवा, रोजच्या जगण्यावरचा परिणाम, विचारशक्तीवरचा परिणाम आणि मनावरचा परिणाम असे चार भाग आहेत. मात्र त्यांची उत्तरं रुग्णानेच द्यायची असतात, कारण रक्त तपासून थकवा सांगता येईल अशी चाचणी नाही. म्हणजे शेवटी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. डॉक्टर ठेवतात. तुम्ही ठेवणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

शिवाय दाखला आणायचा म्हणजे काय, तेही बघा. संधिवाततज्ज्ञांची वेळ मिळवायची, अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, दवाखान्यात ताटकळायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा शीण घेऊन कामावर यायचं. ज्या थकव्यासाठी सूट मागायची तो वाढवण्याचीच ही सोय झाली. आणि डॉक्टरांचा जो वेळ माझ्या कागदावर जाईल, तो बाहेर बसलेल्या एखाद्या नव्या रुग्णाचा असेल. या आजारात सुरुवातीच्या काही महिन्यांत योग्य औषधं चालू झाली तर सांध्यांची पुढची झीज बरीच रोखता येते. तो वेळ कोऱ्या फॉर्मवर सह्या करण्यात जाऊ नये.

तिसरी तक्रार शनिवारची. मेथोट्रेक्सेट हे या आजारातलं मुख्य औषध आहे. ते रोज घ्यायचं नसतं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आम्ही वार पक्का ठरवून टाकतो. अनेकांना हा डोस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, डोकं जड होतं, अंग गळून जातं. सोबत फॉलिक ॲसिड घेऊन त्रास कमी होतो, पण सगळ्यांचा पूर्ण जात नाही. म्हणून नोकरी करणारे कितीतरी रुग्ण मुद्दाम शुक्रवारी रात्री डोस घेतात. शनिवार पडून काढायचा, रविवारी सावरायचं, सोमवारी कामावर. मीही तेच करते. माझ्या आठवड्याच्या सुट्टीतला एक दिवस मी अशा रीतीने औषधाला देते, कामाच्या दिवसांना धक्का लागू नये म्हणून. तुम्ही तोच दिवस मागितला आहे. डोस शनिवारी हलवला तर रविवार जातो आणि सावरायला दिवसच उरत नाही.

चौथी तक्रार विश्रांतीच्या खोलीची. आपल्या मजल्यावर एक छोटी खोली होती, त्यात एक लांब बाक होता. ती आता सामान ठेवायला घेतली. परिपत्रकात जेवणाची एक आणि चहाची एक अशा दोनच सुट्ट्या ठरवून दिल्या आहेत. बाकी वेळी जागेवरून उठायचं तर कारण नोंदवायचं.

हा थकवा सांभाळायचा कसा हे मी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे आजार सांभाळून रोजची कामं कशी करायची ते शिकवणाऱ्या तज्ज्ञांकडून शिकले. त्यातला मुख्य नियम असा की दमण्याआधी थांबायचं. पूर्ण दमेपर्यंत रेटलं तर पुढचा दिवस, कधी पुढचे दोन-तीन दिवस हातातून जातात. बऱ्या दिवशी सगळं उरकून टाकायचं आणि मग आडवं पडायचं, या चक्रात आमच्यापैकी बहुतेक जण सुरुवातीची वर्षं घालवतात. त्याऐवजी कामाचे तुकडे पाडायचे. टायपिंगनंतर वाचायचं काम, बसून झाल्यावर थोडं चालणं, आणि मध्ये मध्ये दहा मिनिटं डोळे मिटून पाठ टेकणं. दहाच मिनिटं, पण ती माझ्या गरजेच्या वेळी मिळायला हवीत. ठरलेल्या वेळेला नाही.

ती न मिळाल्यास काय होतं तेही सांगते. दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास समोर खात्याचे रकाने असतात. एक रक्कम बघून दुसऱ्या कागदावर जुळवायची, एवढंच काम. रक्कम बघते, नजर दुसऱ्या कागदावर जाते आणि तेवढ्यात ती डोक्यातून पुसली गेलेली असते. पुन्हा मागे जाते, पुन्हा बघते. ओळीवर पट्टी ठेवून, ओठ हलवत वाचते. ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही. मनगट की-बोर्डवर ठेवलेलं असतं, ते उचलायचं आहे हे मला कळत असतं, पण हात जागचा हलायला वेळ लागतो. बाहेरून बघणाऱ्याला एक बाई स्क्रीनकडे नुसती बघत बसलेली दिसते. आत किती ओढाताण चालली आहे ते दिसत नाही. अशा वेळी दहा मिनिटं पाठ टेकली तर पुढचे दोन तास नीट जातात. नाही टेकली तर ते दोन तास माझेही वाया आणि तुमचेही.

पाचवी तक्रार थोडक्यात. "चेहरा तर छान दिसतोय", "या वयात कसली सांधेदुखी", "तिला बरं जमतं सवलती घ्यायला". हे सहकाऱ्यांकडून ऐकायची सवय झाली आहे. पण मूल्यमापनाच्या फॉर्मवर "उत्साह कमी वाटतो" असा शेरा आला, तो मात्र मी स्वीकारत नाही. उत्साह हा माझ्या कामाचा भाग नाही. हिशेब बरोबर असणं हा आहे.

आणखी एक गोष्ट. १२ ऑक्टोबरला जागतिक आर्थ्रायटिस दिन असतो. त्या निमित्ताने तुम्ही रोज सर्वाधिक पावलं चालणाऱ्यांची स्पर्धा ठेवली आणि नावं फलकावर लावली. चालण्याला माझा विरोध नाही. आमवाताच्या थकव्यावर नियमित, झेपेल इतका व्यायाम उपयोगी पडतो. युलार या युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली थकव्याबद्दल ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या त्यातही तो आहे. पण तो ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे हळूहळू वाढवायचा असतो. यादीत शेवटी नाव लागणाऱ्याने स्वतःला रेटलं तर तो दुसऱ्या दिवशी उठू शकणार नाही.

त्याच फलकावर रेन्वार या फ्रेंच चित्रकारांचा फोटो होता, खाली जिद्दीबद्दल मजकूर होता. त्या फोटोबद्दल बोलायलाच हवं, कारण आमच्यासमोर तो नेहमी धरला जातो. रेन्वार यांना पन्नाशीच्या आसपास आमवात झाला आणि १९१९ साली मृत्यू येईपर्यंत ते चित्रं काढत राहिले हे खरं आहे. पण ते कसे काढत होते तेही लिहायचं होतं. बोटं इतकी वाकडी झाली होती की ब्रश दुसऱ्या कोणाला तरी हातात द्यावा लागे. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून हातांना पट्ट्या बांधलेल्या असत. मोठ्या चित्रासाठी कॅनव्हास रुळांवर बसवला होता, म्हणजे ते खुर्चीत बसून राहत आणि चित्राचा हवा तो भाग फिरवून समोर आणता येई. जिद्द तर होतीच. त्याबरोबर माणसाप्रमाणे बदललेलं कामाचं साधन होतं आणि हाताशी मदतीची माणसं होती. काम त्यांच्यापर्यंत आणलं गेलं, म्हणून ते काम करू शकले. आम्ही याहून फार कमी मागतो आहोत.

"नियम सगळ्यांना सारखे" या उत्तराबद्दल. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या कलम २ मध्ये वाजवी सोयी म्हणजे काय ते दिलं आहे, आणि अशा सोयी नाकारणं हा भेदभाव आहे हेही तिथेच म्हटलं आहे. कलम २७ नोकरी आणि कामाच्या जागेबद्दल आहे. वाजवी म्हणजे मालकावर अवाजवी बोजा न टाकणारी. मी दीड तास उशिरा येऊन दीड तास उशिरा गेले तर कोणता बोजा पडतो?

मला एकटीला सूट देऊन हा विषय मिटवू नका, ही माझी मनापासून विनंती आहे. आपल्या ऑफिसात ल्यूपस असलेलं कोणी असेल, मल्टिपल स्क्लेरोसिस असलेलं कोणी असेल, मणक्याचा संधिवात असलेला एखादा तरुण मुलगा असेल जो सांगायला घाबरतो. या सगळ्या आजारांत थकवा असाच छळतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी दुसऱ्या एका ऑफिसात आजार सांगितलाच नाही. वर्षभर वार्षिक रजा वापरून दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या आणि शेवटी राजीनामा दिला. कागदावर कारण "घरगुती" असं आहे. त्यांचा अनुभव, त्यांचं कसब सगळं गेलं, आणि का गेलं हे त्या ऑफिसला आजही माहीत नाही.

आमच्या मागण्या अशा.

कामाचे तास तेवढेच ठेवून सुरू करण्याची आणि संपवण्याची वेळ दीर्घ आजार असलेल्या कर्मचाऱ्याला ठरवू द्या. ज्यांचं काम घरून होण्यासारखं आहे त्यांना आठवड्यातले काही दिवस ती मुभा परत द्या, आणि आजार अचानक भडकला तर त्या दिवसापुरती आयत्या वेळी घेण्याचीही.

दाखला वर्षातून एकदाच मागा. त्यात आजाराचं नाव आणि कोणत्या सोयी लागतील एवढंच असू द्या. रक्ताचे रिपोर्ट, औषधांची यादी, सांध्यांची मोजणी हे माझ्या डॉक्टरांचं आणि माझं आहे. ते मागू नका. जे कागद तुमच्याकडे आहेत ते कोण बघू शकतं हे लेखी कळवा.

ज्यांना आठवड्याच्या औषधामुळे शनिवारी काम जमत नाही त्यांना तो दिवस माफ करा. तास आम्ही इतर दिवशी भरून देऊ.

विश्रांतीची खोली रिकामी करून द्या. कारण न नोंदवता छोट्या सुट्ट्या घेता येऊ द्या. ज्यांची बोटं यंत्रावर टेकत नाहीत त्यांना हजेरीसाठी कार्ड द्या. मनगटाला आधार देणारा माऊस, बोलून टाइप करण्याचं सॉफ्टवेअर, उंची बदलता येणारं टेबल, जड फाइलींसाठी ढकलगाडी यांतलं ज्याला जे लागेल ते मागितल्यावर मिळण्याची सोपी पद्धत ठरवा.

तपासण्या, फिजिओथेरपी आणि थकवा सांभाळायला शिकवणारे वर्ग यांसाठी वेळ द्या, तो आजारपणाच्या रजेत मोजू नका. ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांत अशा गटवर्गांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ते वर्ग तिथल्याच परिचारिका आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनी घेतले होते, आणि थकव्याचा रोजच्या जगण्यावरचा ताण त्याने कमी झाला. दोन वर्षांनंतरही तो फरक टिकून होता. काही तासांची गुंतवणूक आहे ही.

मूल्यमापन कामावरून करा. उत्साह, टवटवी, संध्याकाळच्या कार्यक्रमांना हजेरी यांवरून नको. आणि जे व्यवस्थापक टीम सांभाळतात त्यांना या आजारांची प्राथमिक ओळख करून द्या. सगळं शिकवायला नको. "आज कसं आहे, काय केलं तर बरं पडेल?" एवढं विचारायची आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवायची सवय लागली तरी पुष्कळ आहे.

शेवटची मागणी म्हणजे या नियमांचा फेरविचार ज्या बैठकीत होईल तिथे दीर्घ आजार असलेल्या निदान दोन कर्मचाऱ्यांना बसवा, आणि त्यांच्या सहमतीशिवाय या विषयावरचं कुठलंही परिपत्रक काढू नका.

माझा वर्षाचा दाखला मी मनुष्यबळ विभागाकडे दिला आहे. दर महिन्याचा दाखला मी देणार नाही, आणि त्यामुळे जी कारवाई होईल ती मला लेखी कळवावी. परिपत्रक लागू होण्याआधी भेट ठरवावी अशी विनंती आहे. आणखी काही सहकारी माझ्यासोबत येतील, त्यांची नावं ते स्वतः सांगतील. बैठक कृपया साडेदहानंतरची ठेवावी.

आपली,
लेखा विभागातील एक कर्मचारी